रांगोळीचे ठिपके आणि संगणकाचे कासव

आपल्या सीमाभागातील गल्ल्यांमधून सकाळी फेरफटका मारला, तर कोणत्या घरात मराठी बोलतात आणि कोणत्या घरात कानडी, हे दारातल्या रांगोळीवरून सांगता येणार नाही. मराठी घरात तिला ठिपक्यांची रांगोळी म्हणतात, कानडी घरात चुक्की रंगोली. चुक्की म्हणजे ठिपका. नाव वेगळे, रीत एकच. आधी अंगण झाडून सडा घालायचा, मग पंधरा ठिपके, पंधरा ओळी असे मोजून मांडायचे, मनाशी एक नियम धरायचा आणि तो चारी बाजूंनी फिरवत न्यायचा. एका कोपऱ्यात कमळाची पाकळी आली की उरलेल्या तीन कोपऱ्यांत तीच पाकळी वळवून यायला हवी. एक ठिपका जरी चुकला तरी पुढचे सारे गणित बिघडते. मग रांगोळी काढणारी बाई मागे मागे जाऊन चूक नेमकी कोठे झाली ते शोधते आणि तेवढाच भाग पुसून नीट करते.

हेच नियम ओळीओळीने लिहून संगणकाला दिले, तर त्याला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. पगारपत्रक, बँकेचा हिशेब, रेल्वेचे आरक्षण यांचे प्रोग्रॅम आपल्या परिचयाचे आहेत. पण चित्र, हलती नक्षी, सूर, खेळ किंवा गोष्ट यांसाठीही प्रोग्रॅम लिहिता येतो. त्याला ‘क्रिएटिव्ह कोडिंग’ म्हणतात. आपण त्याला सर्जनशील कोडिंग म्हणू.

रांगोळी आणि संगणक यांचे हे नाते काही ओढूनताणून जोडलेले नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील प्रा. गिफ्ट सिरोमनी, त्यांच्या पत्नी राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या संशोधकांनी १९७४ साली तमिळ कोलमवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वाक्याला जसे व्याकरण असते तसे कोलमच्या चित्रालाही असते, आणि ते नियमांच्या रूपात मांडता येते, हे त्यांनी दाखवले. संगणकशास्त्रात चित्रांच्या व्याकरणाचा जो अभ्यास होतो, त्यात या कामाचा आजही उल्लेख होतो. भाषेची शिक्षिका म्हणून मला या विषयाची गोडी लागली ती या ‘व्याकरण’ शब्दामुळे.

पाटल्या बँकेत ठेवायच्या का?

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. संगणक हा माझा विषय नाही. तरीही गेल्या काही वर्षांत पालक मला हमखास एक प्रश्न विचारतात. ‘बाई, मुलांना कोडिंगच्या क्लासला घालावे का?’ हा प्रश्न आमच्याही घरात येऊन गेला आहे, म्हणून त्यावर लिहिण्याचे धाडस करते आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या आणि मोबाईलवर कोडिंग क्लासच्या जाहिरातींचा पाऊस पडत होता. माझी पुतणी तेव्हा आठवीत, मराठी माध्यमाच्या शाळेत होती. एका क्लासची मोफत चाचणी दिल्यावर दुसऱ्या दिवसापासून दीरांना फोन सुरू झाले. मुलगी हुशार आहे, पण मराठी माध्यमातली आहे, आताच शिकली नाही तर कायमची मागे पडेल, असे पलीकडचा माणूस गोड आवाजात सांगत असे. वर्षाची फी एका दुभत्या म्हशीच्या किमतीएवढी होती. जाऊबाईंचे माहेर गोकाककडचे, त्या कानडी माध्यमात सातवीपर्यंत शिकलेल्या. ‘माझ्यासारखे तिचे होऊ नये,’ एवढेच म्हणून त्यांनी हातातल्या पाटल्या बँकेत ठेवायची तयारी दाखवली.

पाटल्या हातातच राहिल्या. कारण ज्या गोष्टींसाठी एवढे पैसे मागितले जात होते, त्यातल्या बहुतेक जगातील मोठ्या विद्यापीठांनी आणि कलावंत-शिक्षकांनी मोफत खुल्या करून ठेवल्या आहेत, हे थोडे शोधल्यावर कळले. पुतणी, मी आणि शेजारची दोन मुले आठवड्यातून तीन दिवस, तासभर बसू लागलो. त्या अनुभवातून जे हाती लागले ते पुढे क्रमाने देते.

पहिले साधन: घरातली फरशी

सुरुवातीला संगणक लागतच नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांतून शहाबादी फरशी असते. एका मुलाने कासव व्हायचे आणि दुसऱ्याने हुकूम सोडायचे. ‘चार फरश्या पुढे. उजवीकडे वळ.’ आमच्या घरी हा खेळ दोन्ही भाषांत चालतो. कासवाला कानडीत आमे म्हणतात. ‘आमे, मुंदे होगु! बलक्के तिरुगु!’ असे जाऊबाईंनी ओरडले की आमचे कासव निमूटपणे पुढे जाऊन उजवीकडे वळते. कासवाने स्वतःची अक्कल चालवायची नाही, सांगितले तेवढेच करायचे, हा एकच नियम. चार वेळा पुढे जाऊन चार वेळा वळले की कासव निघाल्या जागी परत येते आणि चौकोन पुरा होतो. ‘नीट जा’ म्हणून भागत नाही, किती आणि कोणीकडे ते सांगावे लागते, हे मुलांना पाच मिनिटांत उमगते.

हा खेळ आमचा नाही. १९६७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. पॅपर्ट हे गणितज्ञ. मुलांच्या बुद्धीचा विकास कसा होतो याचा अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हात काही वर्षे काम केले होते. लोगोचे सुरुवातीचे कासव म्हणजे जमिनीवर फिरणारे, पोटाखाली पेन लावलेले यंत्र होते. पुढे ते पडद्यावर आले. स्वतःच्या शरीराला वळवून पाहिले की मुलाला भूमिती आतून कळते, असे पॅपर्ट यांचे म्हणणे. १९८० साली आलेल्या त्यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात ते सविस्तर मांडलेले आहे.

आज हे कासव ‘पायथन’ या भाषेबरोबर मोफत मिळते. पायथन संगणकावर घातले की ‘टर्टल’ त्यातच असते, वेगळे काही आणावे लागत नाही. ‘फॉरवर्ड १००’ म्हटले की ते शंभर पावले पुढे जाते, ‘राइट ९०’ म्हटले की काटकोनात उजवीकडे वळते. हे चार वेळा केले की चौकोन. एक चौकोन काढून दहा अंश वळायचे, पुन्हा चौकोन, असे ३६ वेळा केले की पडद्यावर मोठे चक्राकार फूल उमलते. ३६ गुणिले १० म्हणजे ३६०, म्हणून फूल बरोबर पुरे होते.

गंमत त्रिकोणाच्या वेळी येते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशाचा, हे मुलांना पाठ असते. म्हणून ती कासवाला ६० अंश वळायला सांगतात, आणि त्रिकोणाऐवजी अर्धवट षट्कोन निघतो. मग फरशीवर परत यावे लागते. स्वतः चालून, वळून पाहिले की लक्षात येते की कासव आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळते. म्हणजे १२० अंश. बाह्यकोनाचा जो नियम पुतणीने परीक्षेपुरता घोकला होता, तो त्या संध्याकाळी तिचा स्वतःचा झाला. नंतर पाच टोकांच्या चांदणीसाठी १४४ अंश हा आकडा तिने कोणी न सांगता शोधला. पाच वळणांत कासवाला दोन पूर्ण फेऱ्या घ्याव्या लागतात, म्हणून ७२० भागिले ५.

लहानांसाठी मांजर

ज्यांना टंकलेखन जमत नाही अशा मुलांसाठी ‘स्क्रॅच’ हे उत्तम साधन. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले आणि २००७ साली सर्वांसाठी खुले केले. यात आज्ञा लिहायच्या नसतात. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. चुकीचा ठोकळा बसतच नाही, त्यामुळे स्पेलिंग चुकल्याचे रडगाणे नाही. पडद्यावर एक पिवळसर मांजर असते, ते चालते, बोलते, आणि त्याच्या हाती पेन देऊन कासवासारखी नक्षीही काढता येते. इंटरनेट सतत नसेल तर संगणकावर उतरवून घ्यायची आवृत्ती मिळते. आपल्या भागात विजेचा आणि नेटचा लपंडाव चालतो, तेव्हा ही सोय मोलाची.

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनियर’ आहे. ते २०१४ साली आले. त्यात अक्षरे वाचण्याची गरजच नाही, सगळे ठोकळे चित्रांचे असतात. घरात संगणक नसून टॅब्लेट असेल तर ते त्यावर चालते. आणि ज्यांच्याकडे केवळ अँड्रॉइड मोबाईल आहे, त्यांच्यासाठी ऑस्ट्रियातील ग्राझ येथील तंत्रविद्यापीठात तयार झालेले ‘पॉकेट कोड’ हे ठोकळ्यांचेच मोफत अॅप आहे.

स्क्रॅचमध्ये काय करावे? जाहिरातींतून दिसणारे गोळीबाराचे खेळ करण्यापेक्षा घरातली गोष्ट करावी. आमच्या शेजारच्या मुलाने चिऊ-काऊची गोष्ट केली. त्यात चिमणी मराठी बोलते आणि कावळा कानडी. आवाज त्याच्या आजीचे. दार वाजले की चिमणी काय म्हणते, पाऊस कधी थांबतो, कावळा किती वेळा हाक मारतो, हे सारे त्याला क्रमवार ठरवावे लागले. कार्यक्रमलेखन म्हणजे आणखी काय असते!

मोठ्यांसाठी पाटी

तेरा-चौदा वर्षांपुढील मुले आणि उत्साही पालक यांच्यासाठी ‘प्रोसेसिंग’ आणि त्याचे भावंड ‘पी-फाइव्ह’ ही दोन नावे लक्षात ठेवावीत. केसी रीस आणि बेन फ्राय या एमआयटीतील दोन तरुणांनी २००१ साली प्रोसेसिंग सुरू केले. जॉन माएडा हे त्यांचे गुरू. चित्रकार, वास्तुरचनाकार, नर्तक यांना संगणकाची भीती न वाटता प्रोग्रॅम लिहिता यावा, हा त्यांचा हेतू होता. म्हणून त्यात प्रोग्रॅमला ‘स्केच’ म्हणतात. चित्रकार वहीत कच्चे रेखाटन करतो, तसे. २०१३ पासून लॉरेन ली मॅकार्थी यांनी हीच कल्पना इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये आणली, ती पी-फाइव्ह. तिचा संपादक उघडला की डावीकडे लिहायचे आणि उजवीकडे चित्र दिसायचे. काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. नेट नसेल तर प्रोसेसिंग उतरवून घ्यावे, त्याच्यासोबत पुष्कळ तयार नमुने येतात.

प्रत्येक स्केचचे दोन भाग असतात, ‘सेटअप’ आणि ‘ड्रॉ’. सेटअप एकदाच होतो, ड्रॉ सेकंदाला साधारण ६० वेळा पुन्हा पुन्हा होत राहतो. अंगण झाडून सडा घालणे एकदाच, आणि हात मात्र फिरत राहणार, तसे. पडदा ४०० रुंद आणि ४०० उंच धरला, तर मधोमध गोल काढण्यासाठी एकच ओळ लिहायची: ‘सर्कल’ आणि कंसात २००, २००, ५०. पहिले दोन आकडे जागेचे, तिसरा गोलाच्या व्यासाचा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शाळेतील आलेखात वर गेले की आकडा वाढतो. येथे डावा वरचा कोपरा शून्य असतो आणि खाली गेले की आकडा वाढतो. आपण वहीचे पान वरून खाली लिहीत जातो तसे समजले की गोंधळ होत नाही.

आता २०० च्या जागी ‘माऊस एक्स’ आणि ‘माऊस वाय’ हे शब्द घातले, की गोल माऊसच्या मागे धावू लागतो. दर वेळी पार्श्वभूमी रंगवली तर एकच गोल दिसतो, न रंगवली तर मागे माळ उमटत जाते. एवढ्या चार-पाच ओळींत पहिल्या तासाला मुलाच्या हाती कुंचला येतो. दुसऱ्या दिवशी ‘फॉर’ हा शब्द शिकावा. एका ‘फॉर’ने सात ठिपक्यांची ओळ निघते. एकात एक असे दोन ‘फॉर’ घातले की सात ओळींत सात, म्हणजे ४९ ठिपके क्षणात पडद्यावर मांडले जातात. सातच्या जागी पंधरा लिहिले की २२५. चुक्की रंगोलीचे अंगण तयार!

तिसऱ्या दिवशी ‘रँडम’ शिकावे. संगणकाला ‘थोडे इकडेतिकडे कर’ असे सांगणारा हा शब्द आहे. बुडापेस्टमध्ये १९२४ साली जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये राहिलेल्या व्हेरा मोल्नार यांनी १९६८ पासून संगणकाने चित्रे काढली. साध्या चौकोनांच्या रांगा घ्यायच्या आणि त्यांत अगदी थोडी अव्यवस्था मिसळायची, हा त्यांचा आवडता प्रयोग. २०२३ साली, नव्व्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. हाताने काढलेल्या रांगोळीची रेघ किंचित हलते म्हणून ती जिवंत वाटते. मोल्नारबाई तीच हालचाल आकड्यांत शोधत होत्या, असे मला वाटते.

यापुढे कोणी मार्गदर्शक हवा असेल तर डॅनियल शिफमन यांचे ‘कोडिंग ट्रेन’ हे यूट्यूबवरील वर्ग पाहावेत. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणारा हा माणूस कॅमेऱ्यासमोर प्रोग्रॅम लिहितो, चुकतो, डोके खाजवतो आणि चूक शोधून काढतो. ती चूक शोधणे पाहणे हाच खरा धडा. त्यांचे ‘द नेचर ऑफ कोड’ हे पुस्तक २०१२ साली आले, २०२४ मध्ये त्याची पी-फाइव्हसाठी नवी आवृत्ती निघाली, आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येते. झाडाच्या फांद्या, पाखरांचे थवे, पडणारे पान यांची गणिते त्यात आहेत. मात्र ते पहिल्या महिन्यात उघडू नये.

इंग्रजीची भीती

‘पण हे सगळे इंग्रजीत ना?’ असे जाऊबाईंनी विचारले होते, आणि बहुतेक पालकांच्या मनात हाच काटा असतो. थोडा खुलासा करते. सुरुवातीच्या दोन महिन्यांत लागणारे इंग्रजी शब्द मी वहीत उतरवले, तेव्हा ते चाळीसच्या आत भरले. पुढे, मागे, वळ, गोल, रेघ, रंग, जर, नाहीतर, जोपर्यंत. एवढे शब्द आपली मुले एका जत्रेत शिकतात. ज्या मुलाला आईशी एका भाषेत, आजीशी दुसऱ्या भाषेत आणि बसच्या कंडक्टरशी प्रसंग पाहून बोलायची सवय आहे, त्याला तिसरी छोटीशी भाषा अवघड नाही. उलट एकाच गोष्टीला दोन नावे असू शकतात, हे त्याला जन्मापासून ठाऊक असते.

शिवाय ठरलेले शब्द सोडले, तर आपण स्वतः द्यायची नावे इंग्रजीतच हवीत असे नाही. पायथनमध्ये आणि पी-फाइव्हच्या जावास्क्रिप्ट भाषेत ‘ठिपके’ किंवा ‘पाकळी’ असे देवनागरीत लिहिले तरी चालते, कन्नड लिपीतही चालते. आकडे मात्र इंग्रजी पद्धतीचे लिहावे लागतात. आमच्या पुतणीच्या एका स्केचमध्ये ठिपक्याचे नाव ‘चुक्की’ आणि रेघेचे नाव ‘गेरे’ आहे. तो प्रोग्रॅम तिच्या आईला वाचून दाखवता आला, ही त्या वर्षातली आमच्या घरची मोठी गोष्ट.

ऐकून शिकायचे असेल तर मुंबई आयआयटीचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प पाहावा. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. साधारण दहा-दहा मिनिटांचे हे धडे असतात. ऐकायचे, थांबवायचे, तसेच आपण करून पाहायचे, ही त्यांची रीत. यात पायथन आहे, कासवाचे ‘केटर्टल’ आहे, चित्रांसाठी ‘इंकस्केप’ आहे. अनेक धड्यांचा आवाज मराठीत आणि कन्नडमध्येही केलेला आहे. प्रत्येक विषय प्रत्येक भाषेत मिळेल असे नाही, तेव्हा यादीत विषय आणि भाषा निवडून पाहावे. एकाच घरात मुलीने मराठीत आणि आईने कन्नडमध्ये तोच धडा ऐकावा, अशी सोय दुसरीकडे क्वचितच मिळेल.

कशिदा आणि ठेका

ज्यांना चित्रात रस नाही त्यांच्यासाठी अन्य वाटा आहेत. धारवाडकडचा कशिदा, म्हणजे कसूती, आपल्याकडे इरकली साडीवर घरोघरी पाहायला मिळते. गोपुर, रथ, हत्ती, कमळ या नक्ष्या कापडावर छापून घेत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाके घालतात. गवंती, मुर्गी, नेयगे आणि मेंथे असे तिचे चार टाके. गवंतीत धागा एकदा जातो आणि गाळलेल्या जागा भरत त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. चौकटीच्या कागदावर एक गोपुर उतरवून त्याच्या टाक्यांची यादी करायला सांगा. तो कासवाचा प्रोग्रॅमच होतो. ‘टर्टलस्टिच’ नावाच्या मोफत साधनात तर कासवाने काढलेली रेघ भरतकामाच्या यंत्राला समजेल अशा टाक्यांत उतरते.

संगीताची आवड असेल तर ‘सॉनिक पाय’ घ्यावे. केंब्रिजमध्ये सॅम आरन यांनी २०१२ साली शाळकरी मुलांसाठी ते सुरू केले. त्यात सूर आणि ताल लिहून वाजवता येतात, आणि सोबतच्या आवाजांत तबल्याचे बोलही आहेत. केरव्याच्या आठ मात्रा ओळीने मांडून त्या ‘लूप’मध्ये घातल्या की ठेका अखंड चालू राहतो. लय एका आकड्याने वाढते. कुमार गंधर्वांचा जन्म सुळेभावीचा. अशा मातीतल्या मुलांना ठेका मोजायला वेगळे शिकवावे लागणार नाही.

सुरुवात करताना

पालकांसाठी काही सूचना थोडक्यात देते.

१. एका वेळी एकच साधन निवडावे आणि निदान सहा आठवडे सोडू नये. दहा ठिकाणी पहिला धडा गिरवणारे मूल दुसऱ्या धड्यापर्यंत पोचत नाही.

२. दुसऱ्याचे तयार स्केच घेऊन त्यातला एक आकडा बदलायचा आणि काय होते ते पाहायचे. आधी अंदाज सांगायचा, मगच चालवायचे.

३. प्रोग्रॅम चालला नाही तर मोठ्याने ओळी वाचाव्यात. निम्म्या चुका स्वल्पविराम, कंस आणि स्पेलिंग यांच्याच असतात.

४. दिवसाला एक तास पुरे. त्यातला पाव तास कागद-पेन्सिलीचा असावा.

५. इंटरनेटवर खाते उघडताना मुलाचे खरे नाव, शाळा, फोटो देऊ नये. खाते पालकांच्या देखरेखीखालीच असावे.

६. सहा महिने मोफत साधनांवर शिकूनही मुलाची ओढ कायम राहिली, तरच फी भरण्याचा विचार करावा. प्रमाणपत्राच्या लोभाने तर मुळीच भरू नये.

आता एक नवा प्रश्न पुढे आला आहे. एआयला सांगितले की तो क्षणात प्रोग्रॅम लिहून देतो, मग शिकायचे कशाला? बाजारात रांगोळीचे जाळीचे छापेही मिळतात. घाईच्या दिवशी आपण ते वापरतोही. पण छाप्यातली नक्षी अंगणापेक्षा मोठी झाली तर काय करायचे, हे ज्याला ठिपके मांडता येतात त्यालाच सुचते. एआयचा चांगला उपयोग म्हणजे अडले की विचारणे. ‘ही चूक काय आहे ते मला मराठीत समजावून सांग, उत्तर लिहून देऊ नकोस,’ असे विचारायला मुलांना शिकवावे. कन्नडमध्ये विचारले तरी चालते.

मिळते काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक टप्प्याआधीच, मधल्या वर्गांत कोडिंगशी निगडित उपक्रम असावेत असे म्हटले आहे. तेव्हा आज ना उद्या हा विषय सर्वच शाळांत येईल. पण नोकरीसाठी सर्वांनी हे शिकावे, असे मी म्हणणार नाही. जाहिराती तसे सांगतात आणि त्या भीतीवरच त्यांचा धंदा चालतो.

पुतणीची गोष्ट सांगते. गणितात तिला जेमतेम गुण पडत. ‘हिला आर्ट्सला घाला,’ असे घरात ठरल्यासारखेच होते. मी स्वतः आर्ट्सची, त्यामुळे आर्ट्सला नावे ठेवणार नाही. पण तिला तिकडे जायचे नव्हते, केवळ गणिताची भीती तिला तिकडे ढकलत होती. दहावीनंतर पीयूसीला तिने आपण होऊन गणित घेतले. वर्गात कोन, आलेख, निर्देशक आले की तिच्या डोळ्यांसमोर कासव चालू लागे. आज ती पदवीला गणितच शिकते आहे. पुढे प्रोग्रॅमर होईल की शिक्षिका, ते तिचे ती ठरवील. निवड भीतीने झाली नाही, एवढे समाधान आम्हाला पुरे आहे.

आणि जाऊबाई? त्या अजून संगणकाला हात लावताना पदराला बोटे पुसतात. पण मुलीची नक्षी पडद्यावर तिरकी आली, तेव्हा सर्वांत आधी त्यांनीच सांगितले की तिसऱ्या ओळीतला एक ठिपका कमी आहे. मोजून पाहिले, खरेच एक कमी होता.

म्हणून सर्व मोफत साधनांची यादी दिल्यावर शेवटचे एक सांगते. मुलाला संगणक लावून देऊन स्वयंपाकघरात निघून जाऊ नका. आठवड्यातून एक दिवस तरी त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसा. आपल्याला काही येत नसले तरी ‘हे असे का झाले?’ एवढे विचारता येते. मूल आपल्याला समजावून सांगू लागते, आणि समजावून सांगताना ते स्वतः शिकते. त्याला फी लागत नाही, आणि तो प्रश्न मराठीत विचारला काय किंवा कानडीत विचारला काय, सारखाच उपयोगी पडतो.